बाबा दुकानात असले की उघडणारं फोल्डर

ती. बाबा व आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आईच्या लॅपटॉपवर दुकानाचं ‘हिशोब’ फोल्डर कधी उघडतं, कधी नाही, एवढ्यासाठी नवा लॅपटॉप घ्यायचं मनातून काढून टाका. आईचा लॅपटॉप धड आहे. ‘हिशोब’ फोल्डर लॅपटॉपमध्ये नाहीच मुळी, ते दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये आहे. लॅपटॉप फक्त तिथं जाऊन पाहतो. तेव्हा दुखणं दुकानात शोधायचं.

आई, फोनवर तू सहज म्हणालीस की बाबा काउंटरवर असले की फोल्डर उघडतं, ते वावरात गेले की नाही. अर्धं उत्तर त्यातच होतं. थोडा वेळ कोणी हात लावला नाही की दुकानातला कॉम्प्युटर झोपतो. झोपलेला कॉम्प्युटर फोल्डर काय देणार? रात्रपाळीची लाईन असली की बाबा हरभऱ्याला पाणी द्यायला जातात, आणि तू नेमकी तेव्हाच बचत गटाचं रजिस्टर घेऊन बसतेस. बाबा, सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग पॉवर, तिथं ‘स्लीप’पुढे ‘नेव्हर’ करा. स्क्रीन काळी झाली तर होऊ द्या, त्यानं बिघडत नाही.

उरलेलं अर्धं, आई, तू पाठवलेल्या दोन फोटोंत सापडलं. सोमवारच्या फोटोत दुकानाच्या कॉम्प्युटरचा आकडा, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, १९२.१६८.१.७ आहे, गुरुवारच्या फोटोत शेवटी १२. मधे बुधवारी लाईन गेली होती. हे आकडे राउटर, म्हणजे आपला नेटचा डबा, वाटतो. लाईन जाऊन आली की काही राउटर आधीची यादी विसरतात आणि नव्यानं वाटप करतात. तुझ्या लॅपटॉपवरच्या शॉर्टकटमध्ये मात्र ७ च लिहिलेला आहे, म्हणून तो जुन्याच दारावर थाप मारत बसतो. मग ‘नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड’ येतं आणि तुला वाटतं आपलंच काही चुकलं.

दोन दुखणी एकत्र आल्यामुळे कोणाला मेळ लागत नव्हता. पुढच्या खेपेला सगळं बंद-चालू करण्याआधी एवढं कर. दुकानातला कॉम्प्युटर जागा आहे का, ते जाऊन पाहा. जागा असेल तर लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत, म्हणजे ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये, ‘पिंग’ आणि पुढे शॉर्टकटमधला आकडा टाक. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं तर त्या आकड्यावर कोणीच नाही, म्हणजे आकडा बदलला. ‘रिप्लाय फ्रॉम’ आणि पुढे तोच आकडा आला, तरी दुकानातल्या कॉम्प्युटरवर तशाच काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ टाकून आकडा जुळतो का बघ. कधी कधी तोच आकडा एखाद्या मोबाईलला गेलेला असतो. जुळत असेल तर मला फोन कर, मग गोष्ट वेगळी.

पक्का इलाज राउटरमध्ये आहे. तिथं ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ नावाची सोय असते; दुकानाच्या कॉम्प्युटरला एकच आकडा कायमचा बांधून देता येतो. हे तुम्ही करू नका. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावा, आपण मिळून करू. राउटरच्या मागच्या चिठ्ठीवरचा पासवर्ड तेवढा वाचता येईल असा पुसून ठेवा, त्यावर खताची धूळ बसली असेल.

आणि बाबा, तो दुरुस्तीवाला पोरगा ‘एसएमबी वन’ चालू करून देतो म्हणत होता ना, त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. फोल्डर वाटून घ्यायची ती जुनी पद्धत आहे. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ व्हायरस जगभर पसरला तो तिच्यातल्याच भोकातून, आणि त्याच वर्षापासून विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांत ती मुळातच बंद येऊ लागली. फायरवॉल, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारी भिंत, बंद करून देतो म्हणाला तरी नाहीच म्हणा. कास्तकारांची उधारी, सातबाऱ्याचे स्कॅन, सगळं त्याच कॉम्प्युटरवर आहे.

रविवारपर्यंत रोज संध्याकाळी हिशोबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेत जा. पऱ्हाटीची दुसरी वेचणी कधी लागते ते कळवा, त्या हिशोबानं सुट्टी टाकते.

तुमची,
मोठी