नाइट ड्यूटीवाल्या सिस्टरताईंना

ताई, तुमचं आडनाव विचारायचं राहूनच गेलं बघा. आमचं पिल्लू आठवतंय का, २८ आठवड्यांचं, १०४० ग्रॅम, खिडकीजवळचा वॉर्मर, म्हणजे ऊब देणारा पाळणा?

पहिले आठ दिवस मी बाळ बघितलंच नाही, नुसता मॉनिटर बघितला. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९२ वरून ८४, मग ७६, की माझ्या पोटात गोळा. तुम्ही यायच्या, एका बोटानं तळपाय चोळायच्या आणि हे साहेब एकदम आठवल्यासारखे श्वास घ्यायचे. ऑक्सिजन वाढवत का नाही म्हणून मी ओरडलेपण होते तुमच्यावर. रात्री अडीचला तुम्ही शांतपणे सांगितलंत, कमी पडला तर वाईटच पण जास्त झाला तर डोळ्याच्या पडद्याला त्रास, म्हणून ९० ते ९५ मध्ये ठेवायचं, आणि श्वासाचा सिग्नल देणारा मेंदूचा भागच अजून कच्चा असतो म्हणून कॅफीन चालू आहे. मला हसू आलं, सासूबाई मला चहाला हात लावू देईनात आणि पोरगं कॉफीवर!

मग तुम्ही ती वही दिलीत. टाइम, आकडा कुठवर पडला, आपोआप वर आला की चोळावं लागलं, दूध चालू होतं का. मला वाटलं बाईला गप्प बसवायचा उद्योग.

चौदाव्या महिन्यात सर्दी झाली, छातीतून शिट्टी आणि बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले. एका ठिकाणी दोनदा "थंडीत सगळ्यांनाच होतं" म्हणून परत पाठवलं, किती आठवड्यांचा जन्म हेसुद्धा विचारलं नाही (अजून राग येतो). तिसऱ्या डॉक्टरांना वही दाखवली, त्यांनी बसून वाचली. म्हणाल्या पोटातले धरून ३६ आठवडे भरले तरी ऑक्सिजन लागत होता म्हणजे बीपीडी आहे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार, आणि ज्यांचा ऑक्सिजन असा सारखा पडतो त्यांच्यात पुढे श्वासाचा त्रास जास्त दिसतो, त्या पडण्यामुळेच झाला असं छातीठोक नाही सांगता येत पण ह्याची सर्दी साधी समजायची नाही. पंप, स्पेसर (पंपाला लावायची नळी), मास्क चालू झालं.

आता अडीच वर्षांचा आहे, थंडीत पंप लागतोच, बाकी घरभर धुडगूस. इंदूरमध्येच असाल तर राजेंद्रनगरला या ना, सकाळी ड्यूटी सुटल्यावर. पोहे करते, तुम्हाला लागतं तसं जिरावन, आपला इंदुरी मसाला, जास्त घालून.