बाबा, वेटिंगचं तिकीट रद्द केलं

एडिसन, न्यू जर्सी
३० नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
मनूचा शि. सा. नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नका. आम्ही चौघंही धडधाकट आहोत. थँक्सगिव्हिंगची सुट्टी आहे, समीर मुलांना घेऊन बूट आणायला गेलाय, घर शांत आहे. हे फोनवर बोलायचा तीनदा प्रयत्न केला. बाबा, तुम्ही दोन मिनिटांत "थांब, आईकडे देतो" म्हणता. आणि आई, तू "आमचं छान चाललंय, तुम्ही आपली काळजी घ्या" म्हणून मोकळी होतेस. म्हणून लिहिते. बाबांनी मोठ्यानं वाचावं आणि आईनं मध्येच कुकर बघायला उठू नये. गॅस बंद करून मगच बसा.

आम्ही परत येतोय. जूनच्या शेवटी इथली शाळा संपते, जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघू. कायमचे येतोय. पुण्याच्या ऑफिसात बदली मागितली होती ती मिळाली, आणि १४ तारखेला मी होकार कळवला. तुम्हाला न विचारता कळवला, ते चुकलंच. पण विचारलं असतं तर तुम्ही "आमच्यासाठी येऊ नका" म्हणाला असता, आणि तुमचा शब्द मोडून पाऊल टाकायला मला आजही जमत नाही. म्हणून आधी पाऊल टाकलं.

बाबा, आता तुमच्या रविवारच्या प्रश्नाचं खरं उत्तर. मिरज जंक्शनच्या आरक्षणाच्या खिडकीत तुमचा जन्म गेला. दर रविवारी तुम्ही विचारता, "मनू, वेटिंग किती झालं?" आणि मी म्हणते, "सरकतंय बाबा." ते तसं सरकत नाही. माझा ग्रीन कार्डचा, म्हणजे इथं कायमचं राहायच्या परवान्याचा, अर्ज २०१८ चा. आत्ता कुठे २०१३ सालच्या अर्जांचा नंबर आलाय. म्हणजे पाच वर्षं राहिली असं वाटेल, पण पुढच्या प्रत्येक सालात गर्दी वाढतच गेलेली आहे. नोकरीच्या मार्गानं वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं देतात, त्यातच बायकोमुलंही मोजतात, आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांच्या वर सहसा जाऊ देत नाहीत. आइसलँडला जी मर्यादा तीच आपल्याला. गाडीला एकच डबा आणि फलाटावर अख्खी मिरज, असं समजा. वर ती तारीख कधी कधी उलटीही फिरते. २०२२ च्या डिसेंबरात तशी मागे गेली, तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "आमच्या रेल्वेत वेटिंगचा आकडा कधी वाढत नाही." मी फोन ठेवला आणि बराच वेळ जिन्यात बसून राहिले.

माझ्या एकटीचा प्रश्न असता तर मी थांबलेही असते. व्हिसा तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळतो, पगार चांगला आहे. पण जेवायला टेबलावर दोघं शेजारी बसतात ना, त्यांच्याकडे बघून घास उतरत नाही. ईरा इथं जन्मली, तिला इथून कुणी हलवू शकत नाही. ओंकार आपल्या मिरजेत जन्मला, दीड वर्षाचा असताना आला. २०३२ साली त्याला २१ पूर्ण होतील. तोवर माझा नंबर लागला नाही तर तो माझ्या अर्जातून गळणार. मग त्यानं स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढायचा, नाहीतर देश सोडायचा. मागच्या वर्षी त्याच्या फ्रेंचच्या वर्गाची माँट्रियलला सहल निघाली. इतर मुलांनी पासपोर्ट उचलले आणि गेली. याला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. त्यानं आम्हाला सहलीचा कागदच दाखवला नाही. बाईंना सांगितलं, त्या आठवड्यात घरी पूजा आहे. हे मला महिन्यानं कळलं. तेरा वर्षांचं पोर, आई-बाबांना वाईट वाटू नये म्हणून एकटं खोटं बोललं. ही सवय त्याला कुठून लागली ते तुम्हीच ठरवा. आपल्या घरात सगळेच तसं करतो.

मीही केलंय. २०२३ च्या जानेवारीत समीरची नोकरी गेली होती. तुम्हाला सांगितलं नाही. असं झालं की ६० दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरी नोकरी नाहीतर दुसरा व्हिसा. तो इस्त्रीचा शर्ट घालून तुमच्याशी बोलायला बसायचा, आठवतंय? आई, तू म्हणालीस, "जावईबापू वाळले." शेवटी तो माझ्या व्हिसावर आला, कामाचा परवाना हातात पडेपर्यंत घरी बसला. आता सगळं सुरळीत आहे, म्हणूनच आत्ता सांगतेय. नोकरी गेली म्हणून परत आली असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही, एवढं तुम्हाला ठाऊक असावं. लोकांना काय सांगायचं ते तुम्ही बघा.

आणि बाबा, सप्टेंबर. तुमची अँजिओप्लास्टी झाली, मी धावत आले, तुम्ही घरी येऊन पाच दिवस झाले होते. शनिवारी पहाटे फोन वाजायला लागला. अमेरिकेच्या सरकारनं आमच्या नोकरीच्या व्हिसावर (एच-१बी) एक लाख डॉलरची फी लावली, जे बाहेर असतील त्यांनी ताबडतोब परत या. मुदत आपल्याकडच्या रविवारी सकाळी साडेनऊची. मिरजेहून मुंबई गाठायची आणि पुढे सोळा तासांचं विमान. वेळेत पोचणं शक्यच नव्हतं, मलाही तो हिशेब कळत होता. तरी मी बॅग भरली. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. आई, तू ओट्यापाशी वड्यांच्या डाळी निवडत उभी होतीस. आदल्या दिवशी त्यातलं काही करून देता येत नाही, म्हणून तू दशम्या केल्यास आणि डब्याचं झाकण लागेना म्हणून त्यावर जुन्या साडीची पट्टी बांधलीस. गाठ मारताना तुझा हात थरथरत होता, आणि मी म्हणत होते, "आई, उशीर होतोय." बाबा, तुम्ही डॉक्टरांनी बजावलेलं विसरून फाटकापर्यंत आलात. रात्री दीड-दोनला विमानतळावर खुलासा आला, की फी फक्त नव्या अर्जांना, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना नाही. सामान गेलेलं होतं. तरीही मागे फिरता आलं असतं, बाबा. मी फिरले नाही. रविवारी तुमच्या घरात आजोबांचं पान वाढलं जात होतं तेव्हा मी आकाशात कुठंतरी तो डबा मांडीवर घेऊन बसले होते. गाठ सोडवेना. ती पट्टी अजून माझ्या पर्समध्ये आहे.

निर्णय तेव्हा झाला. त्याआधी २०२१ ला आजी गेली तेव्हाच व्हायला हवा होता. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला, व्हिसाच्या अपॉइंटमेंट बंद, आले असते तर मुलं इथं आणि मी तिथं अडकले असते. फोनच्या चौकोनात तिला बघितलं. त्यावर मी तुमच्याशी कधी बोलले नाही, आत्ताही नको.

पण या देशाला नावं ठेवून मी निघत नाहीये. पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी आमच्या दारातला बर्फ काढून दिला होता, आम्हाला फावडं कसं धरायचं हे माहीत नव्हतं. ऑफिसात मला कुणी कधी आडनाव विचारून मोजलं नाही. ईरा ग्रंथालयातून एका वेळी वीस-वीस पुस्तकं आणते. बागेतल्या बाकावर बाबा सकाळी बसायचे, तो बाक मी जाता-येता बघते. हे सगळं सोडताना मला रडू येणार आहे आणि ते मी लपवणार नाही. तुम्हाला इथं आणता आलं असतं तर वेगळा विचार केला असता. पण माझ्या व्हिसावर आई-वडिलांना कायमचं आणता येत नाही. पाहुणे म्हणून सहा महिने, आणि त्या सहा महिन्यांत तुमच्या छातीत जरा काही झालं तर प्रवासी विमा जुन्या दुखण्याला हात वर करणार. मागच्या खेपेला बाबा साधं खोकले तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

मालगाव रस्त्यावरच्या प्लॉटचं मला माहीत आहे. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही. त्या पैशांचं चीज झालं, बाबा. समीरचं कर्ज फिटलं, माझ्या नावावर काही जमलं, बारा वर्षांत मी चार माणसांत ताठ उभी राहायला शिकले. ओंकारच्या कॉलेजचे पैसे बाजूला काढलेत. पुण्यात पगार कमी असेल, पण डोक्यावर देणं नाही. आई, ओंकार अमेरिकेत शिकणार असं तू सगळ्यांना सांगितलंयस. त्याला वाटलं तर तो पुढे येईलही, स्वतःच्या पायानं. सध्या तो आमच्याशी बोलत नाही. रागावलाय, आणि त्याचा राग खरा आहे. तुम्ही फोनवर त्याला समजवायला जाऊ नका. बाबा, त्याला फक्त विचारा, की पुण्याला यायला कुठली गाडी बरी. तो तुमच्यासाठी शोधेल. आणि त्याला हेही सांगून ठेवलंय, की इथं कागद त्याला लागत होते, तिथं ईराला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं ते) लागेल, त्याला काहीच लागणार नाही. ते ऐकून पहिल्यांदा त्यानं वर बघितलं.

आता जे लिहायला जड जातंय ते. आम्ही मिरजेत राहणार नाही. पुण्यात भाड्यानं घर घेऊ, शाळा आणि ऑफिस दोन्ही तिथंच आहे. तुम्ही वरची खोली मुलांसाठी रंगवायला काढाल, मला माहीत आहे. काढा, पण सुट्टीपुरती. आणि तुम्हाला मिरजेचं घर बंद करून पुण्याला या, असं मी म्हणणार नाही. तुमचा दर्ग्यातला उरूस, तुमचा पेपरवाला, आईची भिशी, यातून तुम्हाला उपटून सातव्या मजल्यावर ठेवलं तर मला काय मिळणार? वंदे भारतनं पाच तासांच्या आत पोचता येतं. शुक्रवारी दुपारी निघालं तर रात्री तुमच्या हातची पिठलं-भाकरी. नाशिकच्या आईंनाही समीर आजच लिहितोय, त्यांच्याकडेही जाणं होईल. पण रात्री-बेरात्री फोन आला तर सकाळी मी फाटकात असेन. एवढंच मला हवंय. तुम्हाला माझी गरज आहे म्हणून येत नाही, बाबा. मला आहे.

लहानपणी तुमची दुपारची पाळी असली की आई मला डबा देऊन स्टेशनवर पाठवायची. मी खिडकीमागं फॉर्मांच्या गठ्ठ्यावर झोपायचे. नॅरोगेजची गाडी निघाली की तुम्ही मला उठवायचा, कारण तिला हात केल्याशिवाय मी घरी जायचे नाही. इथं रात्री मालगाडीचा आवाज येतो, दूरून. बारा वर्षं झाली, अजून मला वाटतं तुम्ही उठवाल.

बरं, आता ऐका. संडासात भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या, याच आठवड्यात, माझी वाट बघू नका. आई, माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढायचं नाही, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही. बाबा, अंधार पडल्यावर स्कूटर नको. रक्त पातळ व्हायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, "आज बरं वाटतंय" म्हणून तर मुळीच नाही. साखरेचा आकडा खरा सांगायचा, दुपारी जिलबी खाऊन सकाळचा नाही. कामवाल्या मावशींना "मनू येणार आहे" म्हणून काढू नका, उलट पगार वाढवा, मी पाठवते. मामाला मी सांगेन, तुम्ही सांगायचं नाही. आणि रडायचं असेल तर आत्ताच रडून घ्या, रविवारी फोनवर नको, ओंकार शेजारी असतो.

एक काम बाबांचं. तुम्ही दिलेला तानपुरा मी कडक पेटीत घालून आणतेय. दुसऱ्या हिवाळ्यात घरातल्या हीटरच्या कोरड्या हवेनं भोपळ्याला बोटभर चीर गेली, ती तुम्हाला कधी दाखवली नाही. सतारमेकर गल्लीत जाऊन विचारून ठेवा. आम्ही येऊ तेव्हा ऐन पावसाळा असेल. दमट हवेत तो लगेच जोडता येतो, की दिवाळीपर्यंत थांबावं लागेल?

तुमची,
मनू