प्रायमरी हवी, पण नियमावलीसकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्याकडे उमेदवार दिल्लीत ठरतो, अमेरिकेत तो मतदार ठरवतात, अशा आशयाचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. आपल्या पक्षांनीही प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी मतदान, घ्यावी ही लेखकाची सूचना मला मान्य आहे. खटकले ते एवढेच, की ज्याला जास्त मते त्याला उमेदवारी, असे त्यात सरळ गृहीत धरले आहे. लढत एकतर्फी असली की हे खपून जाते. अटीतटीची झाली की मग नियमांचे पुस्तक उघडावे लागते, आणि ते आधी कोणी वाचले होते हे तेव्हा कळते.

डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झालेली 2008 सालची बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांची लढत घ्या. आपल्या लोकांच्या लक्षात त्यातली भाषणे राहिली. भाषणे चांगली होतीच, पण उमेदवारी मिळण्यात त्रैराशिकाचा वाटा फार मोठा होता, आणि त्याबद्दल मराठीत फारसे कोणी लिहिले नाही.

उमेदवार शेवटी ठरतो तो पक्षाच्या अधिवेशनात, राज्याराज्यांतून आलेल्या प्रतिनिधींच्या मतांनी. डेमोक्रॅटिक पक्षात राज्य जिंकले म्हणून तिथले सगळे प्रतिनिधी मिळत नाहीत. ते मतांच्या प्रमाणात वाटले जातात, तेही बरेचसे मतदारसंघनिहाय. 15 टक्क्यांच्या आत राहिलेल्याला काहीच नाही. आता गंमत पाहा. मतदारसंघाला चार प्रतिनिधी आहेत आणि लढत दोघांतच आहे. एकाने 60 टक्के मते घेतली तरी वाटणी दोन-दोन. तीन-एक व्हायला साडेबासष्ट टक्क्यांच्या वर जावे लागते. शेजारच्या मतदारसंघाला तीनच प्रतिनिधी असतील, तर तिथे एका मताने पुढे असणाराही दोन घेऊन जातो. म्हणजे पैसा, कार्यकर्ते आणि उमेदवाराचा वेळ कुठे खर्चायचा हे प्रतिनिधींची संख्या सम आहे की विषम, यावर ठरवायचे! ओबामांच्या माणसांनी हा हिशेब आधी मांडला होता.

न्यू हॅम्पशायर क्लिंटन यांनी जिंकले तेव्हा मथळे केवढे मोठे होते. प्रतिनिधी मात्र दोघांना नऊ-नऊ. नेवाडातही पारडे क्लिंटन यांचेच जड होते, पण प्रतिनिधी ओबामांना 13 आणि त्यांना 12. मग आला 5 फेब्रुवारीचा सुपर ट्यूसडे, म्हणजे बऱ्याच राज्यांचे मतदान एकत्र येणारा मंगळवार. न्यू जर्सीत अकरा लाखांवर मतदान झाले, क्लिंटन सुमारे दहा टक्क्यांनी जिंकल्या आणि त्यांना प्रतिनिधींत आघाडी मिळाली 11 ची. त्याच दिवशी आयडाहोत कॉकस होते, म्हणजे ठरल्या वेळी सभागृहात जमून उघड बाजू घ्यायची. आले सुमारे 21 हजार लोक. ओबामांना 80 टक्के, आणि आघाडी 12 ची. बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या, नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या सहसा हाती लागत नाही अशा राज्याने न्यू जर्सीची सगळी कमाई पुसून टाकली. क्लिंटन यांच्या बाजूने आयडाहोसारख्या राज्यांकडे कोणी गांभीर्याने पाहिलेच नव्हते.

टेक्सासमध्ये तर 4 मार्चला एकाच दिवशी दोन परीक्षा होत्या. दिवसा प्रायमरी, संध्याकाळी मतदान संपल्यावर त्याच मतदारांचे कॉकस. प्रायमरी क्लिंटन यांनी 51-47 अशी जिंकली, कॉकस ओबामांनी. बेरीज केली तर ओबामा 99, क्लिंटन 94. शिवाय कोणत्या भागाला किती प्रतिनिधी, हे त्या भागात मागच्या निवडणुकांत पक्षाला किती मते पडली यावरून ठरलेले. क्लिंटन यांचा जोर असलेल्या स्पॅनिशभाषक पट्ट्यात मागचे मतदान कमी, म्हणून प्रतिनिधीही कमी.

सहकारी संस्थांच्या निवडणुका जवळून पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. जिल्हा बँकेच्या मतदानाचा दिवस उजाडण्याआधी कोणत्या सोसायटीचा ठराव कोणाच्या नावाने झाला आहे, यावर निम्मी लढाई संपलेली असते. मतपेटी त्यानंतर येते.

याचा अर्थ ओबामांनी लबाडी केली असा नाही. नियम दोघांनाही ठाऊक होते. मिशिगन आणि फ्लोरिडा या राज्यांनी पक्षाने दिलेल्या तारखांच्या आधीच मतदान घेतले, म्हणून पक्षाने त्यांचे सगळे प्रतिनिधी रद्द केले होते. ते रद्द करणाऱ्या नियम समितीत क्लिंटन यांचे खंदे सल्लागार हॅरल्ड इक्स स्वतः होते, आणि त्यांनी रद्द करण्याच्याच बाजूने मत दिले होते. मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामांचे नावही नव्हते. त्यांनी ते काढून घेतले होते. वसंतात क्लिंटन मागे पडल्या, तेव्हा याच दोन राज्यांतल्या मतदारांच्या हक्कांची आठवण त्यांच्या गोटाला झाली. 31 मे रोजी वॉशिंग्टनमध्ये समिती बसली आणि तडजोड निघाली: प्रतिनिधी घ्या, पण प्रत्येकाला अर्धे मत. इक्स तिथे भडकले, पण उपयोग झाला नाही. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात, सगळे मिटल्यावर, दोन्ही राज्यांना पूर्ण मत परत मिळाले.

एकूण मते दोघांनाही पावणेदोन कोटींच्या आसपास. मिशिगन धरले तर क्लिंटन पुढे, वगळले तर ओबामा. काही कॉकस राज्यांनी मतांचा आकडाच जाहीर केला नव्हता. तेव्हा 'जनतेने कोणाला निवडले' या प्रश्नाला तिथे एकच उत्तर नाही. शिवाय एकूण प्रतिनिधींपैकी जवळपास पाचवा हिस्सा सुपरडेलिगेटांचा: खासदार, राज्यपाल, पक्षाचे पदाधिकारी. त्यांना मतदारांचे बंधन नव्हते. 2016 मध्ये क्लिंटन यांचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांनी त्यावरून रान उठवले, तेव्हा कुठे 2018 साली पक्षाने सुपरडेलिगेटांना अधिवेशनातल्या मतदानाच्या चुरशीच्या पहिल्या फेरीतून बाहेर ठेवले.

हे फक्त डेमोक्रॅटांचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. 1976 साली कॅन्सस सिटीत रिपब्लिकन अधिवेशनात जेराल्ड फोर्ड आणि रोनाल्ड रेगन यांच्यात खरी झटापट उमेदवारीच्या मतदानाआधीच्या रात्री, एका नियमावर झाली. अध्यक्षपदाच्या उमेदवाराने आपला उपाध्यक्षपदाचा साथीदार आधीच जाहीर करावा, असा नियम रेगन यांच्या माणसांनी मांडला. रेगन यांनी आपला साथीदार अगोदरच जाहीर केलेला होता. नियम 1180 विरुद्ध 1069 मतांनी पडला. दुसऱ्या रात्री फोर्ड 1187, रेगन 1070. आकडे जवळजवळ तेच.

अध्यक्षपदाखालच्या प्रायमरीतले उदाहरण तर आपल्या माणसाचे आहे. मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार 2022 साली मिशिगनमधून अमेरिकी संसदेसाठीची डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकले, ती सुमारे 28 टक्के मतांवर. रिंगणात नऊ जण होते आणि दुसऱ्या फेरीची सोय नियमात नव्हती. मराठी माणूस जिंकला याचा आनंद आहेच. पण 72 टक्क्यांचे काय, हा प्रश्न इथल्या कोणत्याही पक्षाने प्रायमरी घेतली तर पहिल्याच दिवशी विचारला जाईल.

आपल्याकडे हा प्रयोग झालाच नाही असेही नाही. 2014 च्या लोकसभेला काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत उमेदवारीसाठी मतदान घेतले, त्यात लातूर आणि वर्धाही होते. मतदार कोण? सामान्य समर्थक नाहीत, तर पक्षाचे पदाधिकारी. दोन्ही ठिकाणी पक्ष हरला. लाट होती, तेव्हा पराभवाचे खापर प्रयोगावर फोडणे योग्य नाही. पण मतदारयादीत कोण असावे यावर त्या वेळी जेवढी चर्चा व्हायला हवी होती, तेवढी झाली नाही.

म्हणून लेखकांना विनंती, की त्यांनी दुसरा भाग लिहावा: महाराष्ट्रातल्या एखाद्या पक्षाने उद्या प्रायमरी घ्यायची ठरवली तर सभासद कोणाला म्हणायचे, यादी कोणत्या तारखेला बंद करायची, तक्रार कोणाकडे न्यायची आणि 28 टक्क्यांवर निकाल लावायचा की नाही. आणि आपल्याला विनंती, की 2028 च्या प्रायमऱ्यांचे निकाल छापताना टक्केवारीच्या शेजारी प्रतिनिधींचा रकाना जरूर द्यावा.

आपला,
एक वाचक, मिरज