सधन जिल्ह्याची सरासरी आणि जतचं अंतर

संपादक महोदय,
स. न.

अमेरिकेतले सर्वांत श्रीमंत एक टक्का पुरुष तिथल्याच सर्वांत गरीब एक टक्का पुरुषांपेक्षा १४.६ वर्षं जास्त जगतात. बायकांमध्ये हा फरक १०.१ वर्षांचा आहे. २००१ ते २०१४ या काळातल्या करनोंदी आणि मृत्यूनोंदी जुळवून काढलेले हे आकडे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथल्या सरकारी शाळांच्या पैशाचा मोठा हिस्सा स्थानिक मालमत्ता करातून येतो. त्यामुळं जिथं घरं महाग तिथली शाळा सुस्थितीत, असा प्रकार आहे. असं काही छापून आलं की आपल्याकडं 'ते अमेरिकेचं' म्हणून पान उलटलं जातं. पण ऊस, द्राक्ष, बेदाणा, हळद आणि मिरजेची रुग्णालयं यांच्या जोरावर सांगलीही सधन जिल्ह्यांतच मोजली जाते, आणि तिच्या पोटातली दरी शासनाच्या आकड्यांत उमटत नाही. कारण आकडा जिल्ह्याचा निघतो.

देशांच्या बाबतीत यावर तोड निघालेली आहे. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न एकत्र मोजणारा संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक १९९० पासून निघतो. २०१० पासून त्यातून विषमतेची वजावट करून दुसरा आकडाही दिला जातो. २०२५ च्या अहवालात भारताचा निर्देशांक ०.६८५ आहे आणि वजावटीनंतर ०.४७५ उरतो, म्हणजे ३१ टक्क्यांच्या आसपास घट. अमेरिकेची घट ११ टक्क्यांच्या घरात आहे. जिल्ह्याला अशी वजावट कोणी लावत नाही. १९८४ च्या दांडेकर समितीनं राज्यातला प्रादेशिक अनुशेष, म्हणजे विकासात कोणता भाग किती मागं राहिला ते मोजलं, तेही जिल्हा हे एकक धरून. जिल्हा पुढारलेला निघाला की आतला जत किंवा आटपाडी तालुका, साताऱ्यातला माण किंवा खटाव, आपोआप झाकला जातो.

आरोग्याचंच घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाटीच्या भागात ३० हजार लोकसंख्येला एक, डोंगरी आणि आदिवासी भागात २० हजारांना एक असा आहे. जत डोंगरी नाही, आदिवासीही नाही. पण जिल्ह्याच्या क्षेत्राचा जवळपास चौथा हिस्सा एकट्या जतचा आहे, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या मात्र २८ लाखांपैकी सव्वातीन लाखांच्या आसपास. म्हणजे चौरस किलोमीटरला दीडशेच्या आत माणसं. आता गणित करून पाहावं. दीडशेची घनता धरली तर ३० हजार माणसं २०० चौरस किलोमीटरवर पसरतात, आणि केंद्र अगदी मधोमध असलं तरी कडेची वस्ती आठ किलोमीटरवर पडते. नदीकाठच्या पट्ट्यात साडेचारशेची घनता धरली, तर तेच अंतर साडेचार किलोमीटर. निकष एकच, पण गरोदर बाईची पायपीट जवळपास दुप्पट. हे अंतरही सरळ रेषेतलं. रस्ता वळसे घेतो, आणि संध्याकाळनंतर एसटी नसते. डोंगरी भागाची २० हजारांची सवलत जतला दिली तरी अंतर साडेसहा किलोमीटरवरच येतं. म्हणून नुसत्या लोकसंख्येऐवजी अंतर हाच निकष हवा.

मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिचं संरक्षण आता पाच लाखांपर्यंत गेलं आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण ती दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. रक्तदाबाची, साखरेची रोजची गोळी तिच्यात बसत नाही, आणि गोळी चुकते म्हणूनच पुढं दाखल व्हावं लागतं. मोठी रुग्णालयं सांगली-मिरजेत एकवटलेली. जतहून मिरज सुमारे ऐंशी किलोमीटर, उमदी-संखकडून त्याहून बरंच लांब. रुग्णाचं बिल योजना भरेल, पण सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, जेवण आणि गाडीभाडं कोण भरणार? ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधल्या डॉक्टरांनी १९७१ मध्येच लिहून ठेवलं होतं की चांगली वैद्यकीय सेवा जिथं जास्त लागते तिथंच ती कमी मिळते. त्यांच्यासमोर कोळसा खाणींचा मुलूख होता, पण इथंही घडतं ते हेच.

शाळांमध्ये सरासरी उलट्या बाजूनं फसवते. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. वीस पटाच्या वस्तीशाळेत दोन शिक्षक असले की कागदावर दहा मुलांमागं एक शिक्षक दिसतो, शहरातल्या महागड्या शाळेला लाजवेल असा! प्रत्यक्षात वर्ग पाच. एक शिक्षक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की उरलेला पाचही वर्ग एका खोलीत सांभाळतो. त्यात जतच्या सीमाभागात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिथलं रिक्त पद मराठी माध्यमाच्या शिक्षकानं भरून निघत नाही, पण जिल्ह्याच्या बेरजेत ते भरल्यासारखं दिसतं.

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की हिशेब आणखी बिघडतो. आपला जिल्हा टोळ्या पाठवतोही आणि बोलावतोही: जत-आटपाडीची माणसं कोयता घेऊन बाहेर पडतात, आणि वाळवा-पलूसच्या फडात बीडच्या टोळ्या उतरतात. मुलाचं नाव गावच्या शाळेच्या पटावर, मूल फडात. स्थलांतरित मुलाला जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड २०१५ पासून आहे, पण टोळी दर काही दिवसांनी फड बदलते आणि जवळची शाळाही बदलते. गरोदर बाईची नोंद गावच्या उपकेंद्रात, सातवा महिना कारखान्याच्या तळावर. तिथल्या आशाताईंच्या यादीत तिचं नाव नसतं. मजुरी जोडप्याच्या कोयत्याला, म्हणजे दोघांना मिळून एकच मिळते आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या नावावर, त्यामुळं बाईचं उत्पन्न कोणत्याच पाहणीत वेगळं दिसत नाही.

यावर नवं सर्वेक्षण नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी जिल्ह्याच्या खाली जात नाही आणि नवी जनगणना २०२७ ची. पण प्रत्येक उपकेंद्राचा मासिक अहवाल आणि प्रत्येक शाळेची यू-डायस (शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीतली) माहिती आजही संगणकात भरली जाते. जिल्हा परिषदेनं तीच तालुकावार छापावी, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा तालुका शेजारी ठेवून. मात्र त्यात दोन खड्डे आहेत. एक, मासिक अहवालात बाळंतपण जिथं झालं तिथं मोजलं जातं. जतची बाई मिरजेत बाळंत झाली की मिरजेचा आकडा फुगतो आणि जतचा घटतो. पूर्व भागातली कर्नाटकात विजयपूरला गेली तर ती आपल्या वहीतच येत नाही. म्हणून मोजणी माता-बाल नोंदवहीतून, राहत्या गावाप्रमाणं करावी. दुसरं, एका तालुक्यात वर्षाला मातामृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होतात. एका वर्षाच्या दरावरून तालुक्याला शाबासकीही देऊ नये आणि दोषही. त्यासाठी पाच वर्षांची बेरीज घ्यावी. दर महिन्याला पाहायचं ते वेगळं: हिमोग्लोबिन सातच्या खाली, म्हणजे तीव्र रक्तक्षय असलेल्या गरोदर स्त्रिया किती, चार तपासण्या पूर्ण झालेल्या किती, वैद्यकीय अधिकाऱ्याचं पद किती दिवस रिकामं होतं, आणि एकच शिक्षक हजर असे शाळेचे किती दिवस गेले.

हा तक्ता जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत निधीवाटपाच्या आधी सदस्यांच्या हातात पडावा, आणि त्याच दिवशी पंचायत समित्यांच्या फलकांवरही लागावा.

– आरोग्य व शिक्षण विभागांतील काही निवृत्त कर्मचारी, सांगली