नुसती टक्केवारी नको, तलावाचा सबंध काठ छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका वाचकाने पाठवलेले अप्पर वैतरणा तलावाचे छायाचित्र आपण पर्यटन पुरवणीत छापलेत. दर उन्हाळ्यात हिमालयातल्या चंद्रताल आणि पँगाँग या सरोवरांनी भरणाऱ्या त्या पानावर मुंबईला पाणी देणारा तलाव दिसला, याचा मला मनापासून आनंद झाला. पण चित्राखालच्या ओळीत ‘पॅनोरमा’, म्हणजे अनेक चौकटी जोडून केलेले रुंद दृश्य, असे लिहिले होते आणि छापून आला होता फक्त मधला तुकडा. निळे पाणी आणि मागे हरिहर किल्ल्याचा माथा, एवढेच.

मी ती जागा ओळखते. दक्षिणेच्या काठावरून उत्तरेकडे पाहिले की डावीकडून भास्करगड, हरिहर, ब्रह्मगिरी आणि उजव्या हाताला अंजनेरी अशी त्र्यंबकची सबंध रांग उभी राहते. वैतरणा याच डोंगरांत उगम पावते. ही रांग दोन्हीकडून कापली की उरते ते कुठल्याही कॅलेंडरवर चालेल असे चित्र. आणि खालून कापलात तो तर तलावाचा काठ! अप्पर वैतरणाची पूर्ण भरल्याची पातळी ६०३.५१ मीटर. पाणी ओसरू लागले की त्या रेषेखाली गवत नसलेला, फिक्या मातीचा पट्टा उघडा पडतो आणि मे महिन्यात तो दूरवर पसरतो. आपण रोज चौकटीत पाणीसाठ्याची जी टक्केवारी छापता, ती डोळ्यांना दिसते ती या पट्ट्यात.

मी मुलुंडला राहते, शाळेत भूगोल शिकवत होते आणि आता कॅमेरा-तिपाई घेऊन इगतपुरीकडे जमेल तेव्हा जाते. म्हणून सांगते, ही चित्रे सहज होत नाहीत. पहाटे वारा पडलेला असतानाच काढावी लागतात, कारण पाणी हलले की एका चौकटीतली लाट शेजारच्या चौकटीतल्या लाटेशी जुळत नाही. कॅमेरा उभा लावायचा, प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीवर साधारण एक-तृतीयांश चढवायची, उजेडाचे माप सुरुवातीला ठरवायचे ते शेवटपर्यंत बदलायचे नाही. आकाश गडद दिसावे म्हणून पुष्कळ जण लेन्सवर पोलरायझर नावाची गाळणी-काच लावतात. इतक्या रुंद चित्रात त्याने आकाशाच्या एका भागात काळसर डाग उमटतो, म्हणून मी तो पिशवीतच ठेवते. समोर करवंदीची जाळी असेल तर कॅमेरा लेन्समधल्या एका नेमक्या बिंदूभोवती फिरवावा लागतो, नाहीतर जोडणीत फांद्या दोनदा येतात. मोबाइलने एका झटक्यात फिरवून घेतलेल्या चित्रात धरणाची सरळ भिंत धनुष्यासारखी वाकते, तेही वाचकांनी पाहिले असेल. एवढी खटपट करायची ती दोन टोकांमधले काहीही सुटू नये म्हणून. त्यात कात्री चालवणे मला खरोखर लागते.

इटालियन छायाचित्रकार वितोरिओ सेल्ला १९०९ साली काराकोरममध्ये गेला आणि बाल्तोरो हिमनदीच्या परिसराची रुंद दृश्ये त्याने टिपली. पुढे शंभरेक वर्षांनी डेव्हिड ब्रीशर्स या गिर्यारोहकाने हिमालयातल्या आणि काराकोरममधल्या जुन्या छायाचित्रांच्या जागा शोधून, तिथेच उभे राहून, पुन्हा तीच दृश्ये घेतली. बर्फ कुठे किती उतरला ते शेजारी शेजारी ठेवून दाखवता आले. सेल्लाची चित्रे सुंदर आहेतच. पण त्यांत शिखरांबरोबर कडा, मोरेन (हिमनदीने आणून टाकलेले दगडमातीचे ढीग), उतार सगळे होते, म्हणून ती पुढच्या माणसाच्या कामाला आली. नुसते शिखर कापून ठेवले असते तर तुलना कशाशी केली असती?

आपल्या सात तलावांसाठी हे करणे अवघड नाही. भातसा, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, विहार आणि तुळशी यांची एकूण साठवण १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर, हा आकडा पावसाळ्यात घरोघरी वाचला जातो. पण अप्पर वैतरणाचे पाणी खाली मोडक सागरात आणि तिथून भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते, त्या तलावाचे रूप किती मुंबईकरांनी पाहिले आहे? मेअखेरीस आणि तलाव भरल्यावर, एकाच जागेवरून, एकाच रुंदीचे चित्र घ्यावे. खाली तारीख, उभे राहिल्याची जागा आणि त्या सकाळची पातळी द्यावी. तीन कॉलमांत कोंबू नये. एकास चार प्रमाणाचे चित्र पानाच्या पूर्ण रुंदीत टाकले तरी उंची जेमतेम आठ सेंटिमीटर होते, म्हणजे जाहिरातीच्या एका पट्टीइतकी जागा. मधल्या जोडपानावर आडवे घेतलेत तर फारच उत्तम. आणि संगणकावर विजेच्या तारा, जेटी, धरणाची भिंत पुसून ‘निर्मनुष्य निसर्ग’ बनवलेली चित्रे कृपया नाकारावीत. हे तलाव माणसांनी बांधलेले आहेत, ती भिंत दिसलीच पाहिजे.

सह्याद्रीतल्या तलावांची चित्रे आम्ही वाचक पाठवू. पण विहार आणि तुळशीच्या काठापर्यंत आमच्यासारख्यांना सहज जाता येत नाही. तिथली परवानगी वृत्तपत्राने मागितली तर मिळण्याची शक्यता अधिक. या मेअखेरच्या चित्रांसाठी आपण ती आत्ताच मागावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मुलुंड (पूर्व), मुंबई