व्हॅनची थरथर शोधून देणाऱ्या मिस्त्रीकाकांस

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

शाहूवाडी तालुक्यातील आमच्या वसतिगृहाच्या जुन्या व्हॅनची थरथर तुम्ही कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील तुमच्या गॅरेजात शोधून काढलीत, त्याबद्दल हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. गाडी दुरुस्त झाल्याचा आनंद आहेच. पण एकही भाग बदलण्याआधी थरथर नेमकी कुठून येते हे ठरवण्याचा जो आग्रह तुम्ही धरलात, त्यासाठी मी अधिक ऋणी आहे. तुमच्याकडे येण्यापूर्वी चाकांचे बॅलन्सिंग झाले होते, मागचे टायर बदलले होते, इंजिनचे माउंटिंगही नवे घातले होते, आणि तरीही ताशी 55 किलोमीटरच्या पुढे गेले की मधल्या आसनांखालचा पत्रा घुमू लागे आणि मुले पाय वर घेऊन बसत.

तुम्ही बॉनेट उघडले नाही. आधी मला शेजारी बसवून गाडी रस्त्यावर नेलीत आणि विचारलेत, "हादरा स्टेअरिंगला लागतो की बुडाखाली?" स्टेअरिंग शांत होते, म्हणजे पुढच्या चाकांवरचा संशय कमी झाला. मग ताशी 60 चा वेग कायम ठेवून तुम्ही एक गिअर खाली घेतलात. इंजिनचे फेरे वाढले, आवाज चढला, पण पायाखालची थरथर होती तशीच राहिली. सपाट, मोकळ्या रस्त्यावर क्षणभर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तेव्हाही ती थांबली नाही. इंजिन आणि क्लच त्या एका फेरीत निर्दोष ठरले, आणि यासाठी एकही नट सैल करावा लागला नव्हता.

मागचे चाक की शाफ्ट (गिअरबॉक्सची गती मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा), हा प्रश्न तुम्ही ज्या हिशेबाने सोडवलात तो मी घरी येऊन पुन्हा मांडून पाहिला. ताशी 60 च्या वेगाला आमच्या गाडीचे चाक सेकंदाला सुमारे 8 वेळा फिरते. डिफरन्शियलचे, म्हणजे शाफ्टची गती मागच्या चाकांना देणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीचे, गुणोत्तर साधारण 4 असल्यामुळे हा प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळात 30 हून अधिक फेरे घेतो. म्हणून चाकाचा दोष मोजता येईल असा संथ झोका देतो, शाफ्टचा दोष बारीक, सलग गुंजन करतो. आमचे गुंजनच होते.

स्टँडवर चढवल्यावर मागच्या क्रॉसच्या, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या सांध्याच्या, एका कपाभोवती तांबूस पूड दिसली, म्हणजे आतल्या सुया (सुईसारखे बारीक बेअरिंग) कोरड्या पडल्या होत्या. दुसऱ्या कोणी तेवढ्यावर काम आटोपले असते. तुम्ही मात्र टॉर्च धरून दोन तुकड्यांच्या शाफ्टच्या मागच्या तुकड्याची दोन्ही टोके पाहिलीत आणि तिथले योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत नाहीत हे मला बोटाने दाखवलेत. याआधी एका ठिकाणी सेंटर बेअरिंग (शाफ्टला मधोमध आधार देणारे) बदलले गेले, तेव्हा स्प्लाइन, म्हणजे दोन तुकड्यांचा दातेरी जोड, एक दात सरकून बसली असावी, असा तुमचा निष्कर्ष होता.

एका दाताने एवढा फरक का पडावा, हे तुम्ही हातातला जुना क्रॉस फिरवून समजावलेत, आणि माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच होती. कोनात फिरणारा क्रॉस गती एकसारखी पुढे देत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते आणि दोनदा घटते. कोन समजा 10 अंशांचा असेल, तर हा चढउतार दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हाच चढउतार उलट करून फेडतो, पण त्यासाठी दोन्ही योक एका रेषेत आणि दोन्ही कोन सारखे असावे लागतात. ते नसतील तर शाफ्ट कितीही उत्तम बॅलन्स केला तरी सेकंदाला 60 हून अधिक झटके पत्र्यापर्यंत पोहोचतच राहतात. म्हणूनच तुम्ही शाफ्ट जुळवल्यावर गिअरबॉक्सचा आणि डिफरन्शियलच्या पिनियनचा (शाफ्टकडून गती घेणाऱ्या दातेरी चाकाचा) कोनही मोजलात. ओझ्याने पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसलेल्या जुन्या गाडीत तो बदललेला असू शकतो, ही शंका मला सुचली नसती.

नवा लागला तो एक क्रॉस. बाकी सगळे मजुरीचे काम होते आणि तुम्ही तेवढेच पैसे घेतलेत. आंबा घाटातून मुलांना रत्नागिरीला नेऊन आणताना गाडी आता कोणत्याही वेगाला घुमत नाही.

आमच्या चालकाने क्रॉसच्या निपलांना ग्रीस भरल्याची नोंद गाडीच्या वहीत सुरू केली आहे, आणि तुम्ही पंचाने मारलेल्या खुणा जुळवल्याशिवाय शाफ्ट चढवू नये, हे त्याने पहिल्याच पानावर लिहिले आहे. पावसाळ्याआधी पाट्यांचे बुश दाखवायला गाडी घेऊन येऊ.

आपली कृतज्ञ,
वसतिगृहाच्या वाहनांची जबाबदारी पाहणारी कार्यकर्ती