चप्पल सुटली तरी कळलं नाही

मनू,
हिमोग्लोबिन परत नऊवर आलंय म्हणालीस काल आणि परत आयर्नच्या गोळ्या चालू केल्यास, तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय म्हणून लिहायलाच बसले, फोनवर तू नुसतं हो गं आई हो गं करतेस.

माझं काय झालं होतं ते तुला अर्धंच माहितीये. थकवा आणि पायाला मुंग्या. रक्त कमी म्हणून फॉलिक अ‍ॅसिड आणि टॉनिक दिलं, रिपोर्ट सुधारला, मी खूश. मुंग्या मात्र गुडघ्यापर्यंत चढल्या. एकदा भाजी घेऊन येताना जिन्यात डाव्या पायातली चप्पल सुटली आणि मी तशीच दोन मजले वर आले, खालच्या काकू चप्पल घेऊन दारात आल्या तेव्हा कळलं! जाम घाबरले.

मग दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी रक्तातलं व्हिटॅमिन बी ट्वेल्व्ह तपासायला लावलं तर ते तळाला. इंजेक्शनं लिहून दिली पण तेवढ्यावर सोडलं नाही, शुगरची गोळी किती वर्षं, अ‍ॅसिडिटीची किती वर्षं सगळं खोदून विचारलं. मेटफॉर्मिन आठ वर्षं आणि पॅन्टोप्राझोल तर रोज सकाळी चहाच्या आधी. दोन्ही वर्षानुवर्षं घेतल्या की बी ट्वेल्व्ह अंगी लागत नाही म्हणे, त्यात आपण पक्के शाकाहारी. लिव्हरमधला साठा काही वर्षं पुरतो म्हणून लवकर कळतही नाही. आणि नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडने रक्त छान दिसतं, नसा मात्र आतून खराब होतच राहतात, हे ऐकून मी सुन्नच झाले.

1926 साली अमेरिकेत डॉक्टर असल्याच एका अ‍ॅनिमियाच्या पेशंटना रोज ढीगभर लिव्हर खायला घालायचे, त्याने माणसं वाचायची, पण लिव्हरमधलं नेमकं काय लागू पडतंय ते बी ट्वेल्व्ह वेगळं काढलं तेव्हा, म्हणजे 1948 ला कळलं. (आजीला सांगितलं तर तिने कानावर हात ठेवले.)

तर तुझं. गोळ्या बंद करू नकोस, पण रक्त जातंय कुठे ते कुणी विचारलं का? पाळीत तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं हे गायनॅकला सांगितलंस? लाजू नकोस. फेरिटिन (अंगातला आयर्नचा साठा कळतो त्याने) आणि थायरॉइड करायचं का तेही विचार, आणि जेवणावर लगेच चहा ढोसतेस तो बंद कर, आयर्न शोषलं जात नाही त्याने.

शनिवारी जा, आणि पूर्ण रिपोर्टचा फोटो पाठव, नुसता एचबीचा आकडा नको.

माझ्या डाव्या अंगठ्याला अजून नीट कळत नाही. चपलेला मागून पट्टा लावून घेतलाय.

आई